‘कमजोरी’ नावाचं दुखणं

कराडला माझ्या एका मित्राचं औषधांचं दुकान आहे. दूरसंचार खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून संध्याकाळचा तासभर मी त्याच्या काउंटरमागच्या स्टुलावर काढतो. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला एक गंमत दाखवली. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आले. दुकानात दोन बायका उभ्या होत्या, म्हणून त्यांनी पित्ताच्या गोळ्या घेतल्या आणि गेले. वीस मिनिटांनी परत आले, तेव्हा शाळेची पोरं होती. त्यांनी बामची डबी घेतली. तिसऱ्यांदा दुकान रिकामं बघून आले आणि खिशातून गोळीच्या पाकिटाचा कात्रीनं कापलेला तुकडा काढून काउंटरवर ठेवला. बोलले काहीच नाहीत. “डॉक्टरांची चिठ्ठी?” मित्रानं विचारलं. गृहस्थांनी तुकडा उचलला आणि निघून गेले. “बाम फुकट गेला बिचाऱ्यांचा,” मित्र म्हणाला.

तेव्हा मी हसलो होतो. आता हसणार नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. माझं शिक्षण तारा, खांब आणि एक्स्चेंजमधलं. वैद्यकावरचे निबंध डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायची सवय मला चाळिशीनंतर लागली, आणि या विषयाकडे मी वळलो तो माझ्या आतेभावामुळे. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. त्यांची परवानगी घेऊन, नावगाव न सांगता लिहितो आहे.

दादांचं वय सहासष्ट. हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झाली म्हणून अँजिओप्लास्टी झालेली. सदऱ्याच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी कायम. छातीत भरून आलं की एक गोळी जिभेखाली. एका उन्हाळ्यात कुणा जुन्या सोबत्यानं त्यांना ‘ताकदीची’ म्हणून एक गोळी दिली. त्या रात्री त्यांच्या छातीत भरून आलं, आणि सवयीनं त्यांनी सॉर्बिट्रेट जिभेखाली धरली. काही मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते न्हाणीच्या दारात कोसळले. मुलानं दवाखान्यात नेलं. रक्तदाब इतका खाली कसा गेला, हे डॉक्टरांना उमगेना. “कोणकोणती औषधं घेता?” त्यांनी विचारलं. खाटेच्या एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून. दादांनी सगळ्या औषधांची नावं पाठ म्हणून दाखवली. एक सोडून.

ते वाचले. हे सगळं त्यांनी मला आठ महिन्यांनी पंढरपूरच्या एसटीत सांगितलं, खिडकीबाहेर बघत. आणि सांगता सांगता आणखी एक वाक्य बोलून गेले: “तो त्रास तर अँजिओप्लास्टीच्या आधी तीन वर्षांपासून होता रे. म्हटलं, वय झालं.”

ती तीन वर्षं माझ्या डोक्यातून जाईनात. वाचायला लागलो तो तिथून.

आपल्याकडचा सार्वत्रिक समज असा, की ताठरता म्हणजे जोर, आणि जोर म्हणजे स्नायू आवळणं. प्रत्यक्षात प्रकार उलटा आहे. शिश्नाच्या आत दोन लांबट, स्पंजासारख्या नळ्या असतात. त्यांच्या रक्तवाहिन्यांभोवती आणि पोकळ्यांभोवती जे सूक्ष्म स्नायू असतात, ते दिवसभर आवळलेले असतात. म्हणून एरवी तिथं रक्त फारसं शिरत नाही. इच्छा जागी झाली, की मज्जातंतूंची टोकं आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. त्यामुळे पेशींमध्ये जीएमपी नावाच्या निरोप्या रेणूचं एक वर्तुळाकार रूप तयार होतं आणि ते स्नायू सैल पडतात. रक्त आत धावतं, स्पंज फुगतो, आणि फुगलेला स्पंज बाहेरच्या चिवट आवरणावर दाबला गेला की मधल्या शिरा चेपल्या जाऊन रक्ताची परतीची वाट बंद होते. नळ उघडा आणि मोरी बंद, एवढंच ते यंत्र आहे.

म्हणजे ताठरता येते ती सैल पडल्यामुळे. हे एकदा नीट डोक्यात बसलं की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. माणूस घाबरला, ‘आज जमेल ना’ अशी धास्ती घेतली, की अंगात अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं वाढतात, आणि त्यांचं काम नेमकं हे स्नायू आवळायचं असतं. मग एकदा न जमल्याची भीती दुसऱ्यांदा न जमण्याचं कारण बनते. जो जितका जोर लावेल तितका तो फसेल.

झोपेत मात्र धास्ती नसते. निरोगी पुरुषाला रात्रभरात तीन ते पाच वेळा, स्वप्नांच्या झोपेत, आपोआप ताठरता येते, आणि पहाटेची ती त्यातलीच शेवटची. तिचा लघवीशी किंवा कामुक स्वप्नाशी संबंध असेलच असं नाही. डॉक्टरांच्या दृष्टीनं ही मोठी खूण आहे. पहाटे येते पण जोडीदाराजवळ येत नाही, तर नळ आणि मोरी बहुधा शाबूत आहेत आणि अडचण मनात किंवा नात्यात आहे. पहाटेचीही हळूहळू नाहीशी झाली, तर शरीर तपासायला हवं. गेल्या शतकात काही डॉक्टर यासाठी पोस्टाची तिकिटं वापरत. रात्री तिकिटांची पट्टी गोल चिकटवायची आणि सकाळी ती छिद्रांवर फाटली आहे का ते बघायचं. आता त्यासाठी यंत्रं आहेत, पण मला ती तिकिटांची युक्ती फार आवडली.

आता दादांच्या तीन वर्षांकडे येतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचा आतला व्यास साधारण तीन ते चार मिलिमीटर असतो. शिश्नाच्या धमनीचा एक ते दोन. रक्तवाहिन्यांचा आजार सहसा एकाच जागी होत नाही. साखर, तंबाखू, चरबी, वाढलेला रक्तदाब यांनी सगळीकडचंच अस्तर खराब होत जातं. तेवढ्याच जाडीचा थर बसला तर आधी कोणता पाइप चोंदेल? बारीक. शिवाय अस्तर बिघडलं की नायट्रिक ऑक्साइड कमी सुटतो, आणि या अवयवाचं तर सगळं काम त्यावरच चालतं. इटलीतल्या मिलान शहरातल्या मोंतोर्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली, छातीत दुखतं म्हणून आलेल्या आणि हृदयाच्या धमन्यांचा आजार निघालेल्या ३०० पुरुषांना हा प्रश्न विचारला. जवळपास निम्म्यांना, १४७ जणांना, ताठरतेचा त्रास होता. त्यातल्या दोनतृतीयांश लोकांना तो छातीच्या दुखण्याच्या आधीपासून होता, सरासरी ३९ महिने आधीपासून.

एकोणचाळीस महिने म्हणजे तीन वर्षं आणि तीन महिने. हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर वाचक उगाच छातीवर हात ठेवून बसतील. ताठरतेचा त्रास असलेल्या प्रत्येकाचं हृदय बिघडलेलं असतं असं नाही. पण पन्नाशी-साठीतल्या माणसाला, ताण किंवा भांडण असं उघड कारण नसताना, हा त्रास हळूहळू सुरू झाला, तर साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी आणि हृदय तपासून घेणं हा त्यावरचा पहिला उपाय आहे. चाळिशीत सुरू झाला तर अधिकच. जो निरोप शरीर तीन वर्षं आधी पाठवतं, तो आपण ‘वय झालं’ म्हणून परत करतो.

मग वयाचा वाटा किती? आहे, पण समजतो तसा नाही. वाढत्या वयात ताठरता यायला जास्त वेळ लागतो, नुसत्या विचारानं भागत नाही, प्रत्यक्ष स्पर्श लागतो. पूर्वीइतका कठीणपणा येत नाही. एकदा झाल्यावर पुन्हा तयार व्हायला तरुणपणी काही मिनिटं लागत, आता एखादा दिवसही लागू शकतो. अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीनं हे बदल १९६६ सालीच नोंदवून ठेवले आहेत. हा आजार नव्हे. पायांनी चालणंही साठीत मंदावतं, म्हणून कोणी पाय गेले म्हणत नाही.

या बाबतीत सर्वाधिक सांगितला जाणारा आकडा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाहणीचा आहे. १९८७ ते ८९ या काळात ४० ते ७० वयाच्या १,२९० पुरुषांनी प्रश्नावली भरून दिली, आणि त्यातल्या ५२ टक्क्यांना कमीअधिक त्रास निघाला. ‘निम्मे पुरुष नपुंसक’ असं म्हणत हा आकडा औषधवाल्यांनी जगभर फिरवला. पण त्या बावन्नात ‘थोडासा’ त्रास असलेलेही धरलेले आहेत. पूर्ण ताठरता जाण्याचं प्रमाण चाळिशीत ५ टक्के आणि सत्तरीत १५ टक्के होतं. म्हणजे सत्तरीच्या शंभरातल्या पंचाऐंशी जणांची पूर्ण गेलेली नव्हती. हा भाग जाहिरातीत सापडत नाही.

दुसरी पाहणी २००७ सालची, तीही अमेरिकेतलीच. ५७ ते ८५ वयाच्या तीन हजारांवर स्त्री-पुरुषांना विचारलं. पासष्ट ते चौऱ्याहत्तर या वयोगटातले ५३ टक्के लोक शरीरसंबंध ठेवून होते, पंच्याहत्तरीपुढचे २६ टक्के. आणि पन्नाशीनंतर डॉक्टरांशी या विषयावर कधीतरी बोललेले पुरुष किती? ३८ टक्के. स्त्रिया २२ टक्के. अमेरिकेत ही स्थिती. आपल्याकडे दोन खोल्यांच्या घरात मुलगा-सून आतल्या खोलीत आणि आजी-आजोबा हॉलमध्ये टीव्हीसमोर झोपतात. तिथं आजोबांना अशी काही अडचण असू शकते, हे घरात कुणाच्या मनातही येत नाही. आजीची अडचण तर त्याहून नाही. पाळी गेल्यानंतर योनीत कोरडेपणा येतो, संबंध दुखरा होतो, ती टाळू लागते. त्याला वाटतं आपल्यातच कमी आहे. आणि दोघंही गुडघेदुखीचं निमित्त सांगून वेगवेगळी झोपू लागतात. तो कोरडेपणा साध्या वंगणानं किंवा डॉक्टरांनी दिलेल्या मलमानं कमी होतो. एवढी साधी गोष्ट न बोलल्यामुळे वर्षानुवर्षं तशीच राहते.

मधुमेहाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या भागात मुख्य गुन्हेगार तोच आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळावर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. साखर दोन्हीकडून मारते. रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करते आणि निरोप नेणारे मज्जातंतूही मारते. त्यामुळे मधुमेही पुरुषांना हा त्रास इतरांपेक्षा कितीतरी आधी गाठतो, आणि पुष्कळदा मधुमेह आहे हे कळायच्याही आधी. त्यावर बिडी-सिगारेट असेल तर विचारायलाच नको. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, आणि आपल्याला हवं असतं ते नेमकं उलट.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही त्रास होतो, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड गटातल्या आणि बीटा ब्लॉकर गटातल्या जुन्या गोळ्यांमुळे. मनावरच्या काही औषधांनीही होतो. याबाबतचा एक इटालियन प्रयोग मी कितीतरी जणांना सांगितला आहे. २००३ साली ९६ पुरुषांना अ‍ॅटेनोलॉल ही बीटा ब्लॉकर गोळी दिली. एका गटाला गोळी कोणती ते सांगितलंच नाही. त्यातल्या ३ टक्के लोकांना त्रास झाला. दुसऱ्या गटाला नाव सांगितलं, पण या दुष्परिणामाबद्दल काही बोलले नाहीत; तिथं सुमारे १६ टक्के. तिसऱ्या गटाला ‘ताठरतेचा त्रास होऊ शकतो’ हेही सांगितलं. तिथं ३१ टक्के. गोळी तीच. हे लिहून मी स्वतःच वाचकांच्या मनात किडा सोडतो आहे, याची मला कल्पना आहे. म्हणून लगेच सांगतो: रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, बदलून देता येणाऱ्या गोळ्या पुष्कळ आहेत.

आणखी एका समजुतीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांशी बोललं की ‘त्या कॅम्पात ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ताकद गेली’ असं ऐकू येतं. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. जबरदस्ती झाली, अपमान झाला, हे खरं. त्या अपमानाचा मनावर परिणाम झाला नसेल असं मी म्हणणार नाही. पण नसबंदीत फक्त वीर्यातल्या शुक्रजंतूंची वाट बंद होते. पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, थेट रक्तात मिसळतं, त्या नळीतून जातच नाही; आणि ताठरतेच्या धमन्या, मज्जातंतू वेगळ्याच वाटेनं जातात. गंमत अशी, की १९२०च्या सुमारास युरोपात हीच शस्त्रक्रिया तारुण्य परत मिळवण्यासाठी केली जात होती! व्हिएन्नाच्या श्टाइनाख या शास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की ही नळी बांधली की वृषणाची शक्ती बाहेर न जाता शरीरात वळते. सिग्मंड फ्रॉइडनं १९२३ मध्ये ती करून घेतली, आयरिश कवी येट्सनं १९३४ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, आणि येट्स तर उरलेली पाच वर्षं नवं तारुण्य लाभल्याच्या आनंदात होता. एकाच नळीची गाठ एकाला तरुण करते आणि दुसऱ्याला म्हातारं. नळीचा त्यात काही संबंध नाही.

तारुण्याच्या या शोधात शहाणी माणसंही घसरली आहेत. ब्राउन-सेकार हा पॅरिसचा नावाजलेला शरीरशास्त्रज्ञ. १८८९ साली, बहात्तराव्या वर्षी, त्यानं कुत्र्याच्या आणि गिनिपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा दमदार झाल्याचं विद्वानांच्या सभेत जाहीर केलं. व्होरोनॉफ या डॉक्टरनं १९२० नंतर श्रीमंत म्हाताऱ्यांना माकडाच्या वृषणाचे काप बसवून दिले. आपल्या चरकसंहितेत वाजीकरणाचा स्वतंत्र अध्याय आहे हे सगळ्यांना माहीत असतं, जाहिरातवाले त्याचीच आठवण करून देतात. पण त्याच ग्रंथात क्लैब्याची चार कारणं वेगवेगळी करून सांगितली आहेत आणि जरा म्हणजे म्हातारपण हे त्यातलं फक्त एक आहे, हे कुणी सांगत नाही. कारण आधी शोधावं, ही दृष्टी त्या वर्गीकरणात दिसते. भिंतीवरच्या जाहिरातीत ती दिसत नाही.

मराठीत हे उघड बोलण्याची सुरुवात र. धों. कर्व्यांनी केली. १९२७ ते १९५३, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, आणि कर्व्यांना दंड झालाच. पुढे मुंबईत डॉ. प्रकाश कोठारी, मराठी घराघरांत ‘निरामय कामजीवन’ पोचवणारे डॉ. विठ्ठल प्रभू, आणि नव्वदी ओलांडल्यावरही वृत्तपत्रात प्रश्नांना मिश्कील उत्तरं देणारे डॉ. महिंदर वत्स, अशी ती परंपरा चालत आली.

आता त्या गोळीकडे. १९९०च्या सुमारास इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझर कंपनीचे शास्त्रज्ञ हृदयाच्या दुखण्यासाठी एक रेणू तपासत होते. छातीच्या दुखण्यावर तो फारसा चालला नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला. तोच सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. त्याच वर्षीचं वैद्यकाचं नोबेल नायट्रिक ऑक्साइडचं काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. भारतात २००५ पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, त्यामुळे देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या लवकरच बाजारात आल्या.

ही गोळी काय करते ते मघाच्या नळ-मोरीच्या भाषेत सांगतो. स्नायू सैल करणारा जो निरोप्या रेणू तयार होतो, तो मोडून टाकणारं एक विकर शरीरात असतं. गोळी त्या विकराला अडवते. म्हणजे गोळी नळ उघडत नाही. आलेलं पाणी वाहून जाऊ देत नाही. म्हणूनच इच्छा नसेल, स्पर्श नसेल, तर गोळी घेऊन माणूस नुसता बसून राहतो. भरपेट तेलकट जेवणावर सिल्डेनाफिल उशिरा चढते. टाडालाफिल ही तिची बहीण दीड दिवसापर्यंत अंगात काम करते.

आणि सॉर्बिट्रेट? ती नायट्रेट गटातली. शरीरात जाऊन नायट्रिक ऑक्साइडच सोडते, म्हणजे नळ पूर्ण उघडते, आणि तोही सगळ्या शरीरातला. एका गोळीनं मोरी बंद, दुसरीनं नळ सताड उघडा. सगळ्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि रक्तदाब कोसळतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट देऊ नये, असा डॉक्टरांचा नियम आहे, आणि रोज नायट्रेट घेणाऱ्यानं या गोळ्यांच्या वाटेला जायचंच नाही. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलात आणि आदल्या दिवशी अशी गोळी घेतली असेल, तर शेजारी कोणीही उभं असो, ते सांगायला हवं. सुनेसमोर जमत नसेल तर डॉक्टरांना म्हणा, एकट्याशी बोलायचंय. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर तीही सांगावी. दोन्ही मिळून उठताना चक्कर येऊ शकते.

यात आणखी एक खड्डा आहे. दादांना मिळालेल्या पुडीवर ‘शंभर टक्के वनौषधी’ असं छापलेलं होतं, असं ते मला नंतर म्हणाले. त्या पुडीत काय होतं ते आता कळायला मार्ग नाही. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनानं गेल्या दोन दशकांत अशा ‘नैसर्गिक’ शक्तिवर्धकांबद्दल वारंवार इशारे दिले आहेत, कारण तपासणीत त्यात न सांगता मिसळलेलं सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल सापडतं. जडीबुटीनं तासाभरात गुण आला तर आनंद होण्याऐवजी शंका यावी. आपल्याकडे लैंगिक क्षमता वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंती वाचत पुण्याहून मुंबईला गेलेल्या माणसाला हे खरं वाटणार नाही.

गोळीशिवाय काही आहे का, हे मला दुकानात हमखास विचारतात. आहे, आणि ते चाचण्यांतून तपासलेलं आहे. इटलीत ११० लठ्ठ पुरुषांवर दोन वर्षं प्रयोग झाला. निम्म्यांना वजन उतरवण्याचा आणि व्यायामाचा नेमका कार्यक्रम दिला, निम्म्यांना नुसता सल्ला. कार्यक्रम पाळणाऱ्या ५५ पैकी १७ जणांची ताठरता सर्वसाधारण पातळीला आली. नुसता सल्ला मिळालेल्या ५५ पैकी तिघांची. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे लघवी मधेच थांबवताना जे आवळतो ते, रोज ठरावीक वेळा आवळण्याचा व्यायाम ब्रिटनमध्ये ५५ पुरुषांकडून करवून घेतला. सहा महिन्यांनी ४० टक्के पूर्ववत झाले. फुकटचा व्यायाम आहे, एसटीत बसूनही करता येतो. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं मात्र रक्ततपासणीत ते खरोखर कमी निघालं तरच. त्याचा मुख्य संबंध इच्छेशी आहे, ताठरतेशी कमी. याखेरीज निर्वात पंप आहेत, शिश्नात घ्यायची इंजेक्शनं आहेत, शेवटचा उपाय म्हणून आत बसवायच्या नळ्या आहेत. इंजेक्शनाचा उपाय ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९८३ साली लास व्हेगासच्या परिषदेत जगापुढे आणला तो खोलीतच स्वतःला टोचून घेऊन आणि व्यासपीठावर विजार खाली करून. सभागृहात डॉक्टरांच्या बायका होत्या म्हणतात.

हृदयरोग्यांना आणखी एक धास्ती असते, की संबंधातच झटका येईल. साधा अंदाज असा, की दोन जिने भरभर चढून छातीत दुखत नसेल, दम कोंडत नसेल, तर नेहमीच्या जोडीदाराबरोबर तेवढं श्रम हृदय सहसा सोसतं. नक्की काय ते डॉक्टरांनीच सांगावं, पण त्यासाठी विचारावं लागतं.

विचारायचं कोणत्या शब्दांत? मला वाटतं खरी अडचण इथं आहे. इंग्रजीतसुद्धा ‘इम्पोटन्स’ हा दुबळेपणाचा शिक्का होता. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेनं तो टाकून ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ असा कोरडा, यंत्राच्या बिघाडासारखा शब्द सुचवला. मराठीत ‘नपुंसक’ ही शिवी आहे, ‘लिंगशैथिल्य’ पाठ्यपुस्तकात आहे, आणि माणसं प्रत्यक्षात म्हणतात ती ‘कमजोरी’. आता कमजोरी म्हटलं की डॉक्टर बी कॉम्प्लेक्स लिहून देतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. दादांना त्या तीन वर्षांत अशा दोन बाटल्या टॉनिक मिळालं होतं.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. आत शिरायच्या आधी बाकावर बसून ते म्हणाले, “तू लिहून दे. मला तोंडानं जमायचं नाही.” मी त्यांच्याच फाइलमागे लिहिलं: ‘ताठरता येत नाही. सहा वर्षं झाली. मागच्या वेळी चक्कर आली तेव्हा एक गोळी घेतली होती, ती सांगितली नव्हती.’ दादांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि ‘घेतली होती’च्या खाली स्वतः रेघ ओढली.

आत गेल्यावर त्यांनी फाइल उलटी करून डॉक्टरांपुढे सरकवली. तरुण मुलगी होती डॉक्टर, आमच्या धाकट्या भाचीच्या वयाची. तिनं वाचलं, पेन उचललं, आणि हवापाण्याबद्दल विचारावं तशा आवाजात म्हणाली, “काका, पहाटे येते का?”